ग्वाल्हेरला नेलेली लाल डबी

मिरजेच्या फलाटावर मी उगाच मागे वळून पाहिलं. सवयीचा दोष. प्रवासाला निघालो की सुमन, म्हणजे माझी बायको, बॅगांपाशी बसायची आणि मी पाण्याची बाटली, वर्तमानपत्र, आपला डबा कुठे लागणार याच्या चौकशा करत फलाटभर हिंडायचो. या वेळी बॅगांपाशी मीच होतो. बॅग सोडून जाववेना आणि बॅग घेऊन हिंडवेना, म्हणून पाणी न घेताच गाडीत चढलो. सुमनला जाऊन दीड वर्ष झालं आहे. एकट्याने केलेला हा पहिलाच लांबचा प्रवास.

मी कोल्हापुरात ग्राफिक डिझाइनची कामं करतो. शब्द भारदस्त आहे, काम साधं. लोणच्यांची लेबलं, उदबत्तीचे पुडे, बेकरीच्या पिशव्या. सुमन शाळेत गणित शिकवायची, तिचा या धंद्याशी काही संबंध नव्हता, पण तिच्याशिवाय माझं एकही काम छापखान्यात गेलं नाही. आमची एक पद्धत होती. काम पुरं झालं की मी ते फ्रिजच्या दारावर चिकटवायचो आणि तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं करायचो. "डोळे मीट. आता उघड. मीट." मग विचारायचो, "काय दिसलं?" एकदा तुपाच्या लेबलावर मी फार प्रेमाने एक नऊवारीतली बाई काढली होती. सुमन डोळे मिटूनच म्हणाली, "बाई दिसली. तूप कुठाय?" मला राग आला. बाई गेली, तूप राहिलं आणि ते लेबल पुढे कैक वर्षं चाललं.

ती गेल्यापासून मला कोणी चूक दाखवत नाही. मुलगी ऋता बेंगळुरूला असते, तिला फोनवर फोटो पाठवला की ती म्हणते, "छान झालंय बाबा." गिऱ्हाइकं म्हणतात छान, छापखानेवाला म्हणतो छान. बायको गेलेल्या माणसाचं मन कशाला मोडा, असं सगळ्यांनी मिळून ठरवल्यासारखं वाटतं. आणि माझं काम मला पारखता येत नाही, कारण ते मीच केलेलं असतं. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या मंगलताईंची मसाल्याची डबी माझ्याकडे अडकून पडली होती. त्यांचा कांदा-लसूण मसाला आता महाराष्ट्राबाहेर जायचा होता. कुठल्याही भाषेच्या माणसाला चित्रावरूनच समजावं म्हणून मी डबीच्या दर्शनी बाजूला एकही अक्षर ठेवलं नव्हतं, नावगाव सगळं तळाशी. मंगलताईंनी कधीच होकार दिला होता. छपाईला सोडायचा धीर मला होत नव्हता.

अशात समजलं की इरा सान्याल ग्वाल्हेरला बोलणार आहेत. आमच्या व्यवसायात हे नाव न ऐकलेला माणूस नसेल. त्या पूर्वी एकदा पुण्यात आल्या होत्या, तेव्हा सुमनच्या शाळेच्या परीक्षा होत्या आणि "पुढच्या वेळी दोघं जाऊ" असं ठरलं होतं. मी मनाशी एक गोष्ट पक्की केली. बाईंना एकच प्रश्न विचारायचा, की तुमचं काम सगळ्यात आधी कोण बघतं. उत्तर उपयोगी पडलं तर धंदा चालू ठेवायचा, नाही तर मंगलताईंचं काम दुसऱ्या कुणाला द्यायचं आणि दुकान बंद करायचं. असा सगळा विचार बरोबर घेऊन मी निघालो होतो.

सकाळी ग्वाल्हेरला उतरलो तेव्हा धुक्यात समोरची माणसंही अर्धीच दिसत होती. जानेवारीतली ही थंडी आमच्या थंडीची कोणी लागत नाही. स्टेशनाबाहेर पडावला (स्टेशनलगतचा हॉटेलं आणि वाहनांच्या गर्दीचा भाग) ई-रिक्षावाल्यांनी घेरलं. माझा स्वेटर बघून त्यातल्या एकाने विचारलं, "बस इतना ही पहन के आए हैं, बाबूजी?" मी हो म्हणालो. त्याने मला शेजारी बसवलं, आपल्या पायावरचं घोंगडं निम्मं माझ्या गुडघ्यांवर टाकलं आणि रिक्षा सोडली. लष्कर या जुन्या वस्तीत पोहोचेपर्यंत आम्ही दोघं एका घोंगडीत होतो.

मुक्काम कदमांकडे होता. आमच्या ओळखीच्या एका वकिलांचे हे दूरचे नातेवाईक. कदमसाहेबांचे पणजोबा दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले, ते स्वतः वीज खात्यातून निवृत्त झालेले. वरच्या मजल्यावरची एक खोली ते ओळखीतल्या पाहुण्यांना देतात. दार उघडताच कदमवहिनी म्हणाल्या, "या भाऊजी. गाडी लेट झाली ना? परेशान झाला असाल. आधी चाय घ्या, मग बाकीचं." मागून साहेबांचा आवाज आला, "अगं, त्यांना आत तर येऊ दे." त्यावर वहिनी, "आत येऊनच राहिलेत, मी काय दारातच चाय पाजणार आहे?"

त्यांची मराठी मी कान देऊन ऐकत होतो. शब्द आपलेच, वाक्यांची चाल हिंदी. साहेब म्हणाले, "आमची मराठी अशीच हां. मुलांची तर पूछूच नका." चहाबरोबर गरम बेडई (उडदाच्या डाळीचं सारण भरलेली खमंग पुरी) आणि बटाट्याचा रस्सा आला. ते दोघं एकमेकांच्या ताटातलं बघून भांडत होते. तुझं तिखट जास्त झालं, तुमचंच तोंड आलंय, दही घ्या, नको म्हटलं ना. मी खाली मान घालून खात राहिलो. असलं भांडण ऐकून मला भूक लागते, हे त्या दिवशी समजलं.

रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मी मंगलताईंच्या मसाल्याची नमुन्याची एक डबी आणली होती. गोल, तळहातावर मावणारी, गडद लाल रंगाची. आत मसाल्याची सीलबंद पिशवी. डबीवर सोनेरी पिवळ्या रेषांत उभा कापलेला कांदा आणि त्याच्याखाली आडवी लसणाची पाकळी. "कोल्हापूरहून आणलंय, तुमच्यासाठी," एवढं म्हणून मी ती वहिनींच्या हातात दिली. जास्त बोलायला मला लाज वाटते, आपल्याच कामाबद्दल काय सांगायचं. वहिनींनी डबी दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली आणि आत घेऊन गेल्या. त्यांचे डोळे भरून आले होते असं मला वाटलं.

मी मनात म्हटलं, पाहुण्याच्या भेटीला केवढा हा मान, ही ग्वाल्हेरची रीत असावी. खरं सांगायचं तर थोडा फुगलोही. डबी कपाळाला लावणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नव्हतं.

भाषण संध्याकाळी होतं. दुपारी धुकं विरल्यावर टोपी बाजारात भटकलो. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना घाऊक मालाची दुकानं, वर एकावर एक चढलेल्या पाट्या. जुन्या रंगवलेल्या पाट्या आणि त्यांच्यावर ठोकलेले चकचकीत फ्लेक्स. एका फ्लेक्सच्या फाटलेल्या कोपऱ्यातून मागची जुनी पाटी डोकावत होती, तिच्यावर निळ्या रंगात एक छत्री रंगवलेली. इतकी सुबक की मी चालता चालता थांबलो आणि मोठ्याने म्हणालो, "हे बघ." शेजारून जाणाऱ्या एक बाई दचकल्या. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि पिशवी सावरून पुढे गेल्या. मी छत्रीचा फोटो काढला. काढून झाल्यावर तो पाठवायचा कुणाला हे सुचेना आणि फोन खिशात ठेवून दिला.

एकट्याने प्रवास करण्यातली अडचण जेवणाखाणाची नाही, सामानाची तर नाहीच. काही पाहिलं की ते सांगून टाकायची घाई असते, आणि सांगायला कोणी नसलं की पाहिलेलं सगळं आतच साठत जातं. गल्लीच्या टोकाशी येईपर्यंत मी दमलो होतो.

फूलबागेजवळच्या सभागृहात पोहोचलो तर निम्म्या खुर्च्या भरल्या होत्या, बहुतेक कला शिकणारी मुलं-मुली. माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती, मांडीवर वही, बोटांना शाईचे डाग. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढताना पुटपुटलो ते तिने ऐकलं असावं. "आप मराठी हैं? मी पण. म्हणजे घरी बोलते, थोडं थोडं. दादी होती तेव्हा ज्यादा बोलायचे, अब तो सब हिंदी ही चलता है." तिने मला विचारलं, काय करता. मी सांगितलं, लेबलं करतो. "अरे वा, प्रोफेशनल," असं म्हणून ती सरसावून बसली. मला हसू आलं.

इरा सान्याल व्यासपीठावर आल्या तेव्हा मला आधी वाटलं की माइक बघायला कोणी तरी आलंय. ठेंगणी बाई, पांढरे केस, अंगावर साधी शाल. तासभर बोलल्या आणि त्या तासात त्यांनी स्वतःच्या एकाच कामाबद्दल सांगितलं. जुलाब झालेल्या लहान मुलांना पाण्यात मिसळून द्यायच्या मीठ-साखरेची पुडी. किती पाणी घ्यायचं हे आईला समजणं सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून त्यांनी ते पुडीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात चित्राने दाखवलं, सुंदर, ठळक. ते चित्र पडद्यावर आलं तेव्हा सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. मग त्यांनी एका खेडेगावातला फोटो दाखवला. एक आई पुडी फोडते आहे. उजव्या वरच्या कोपऱ्यातून. नेमका तोच तुकडा फाटून तिच्या पायाशी पडला आहे.

"सब ने तारीफ़ की थी," त्या म्हणाल्या. "डॉक्टरों ने, मेरे दफ़्तर ने. किसी ने पुड़िया फाड़कर नहीं देखी. मैंने भी नहीं." मग त्या पुढे म्हणाल्या, "अपना काम हम पहली बार कभी नहीं देख सकते. वो 'पहली बार' हमेशा किसी और के पास होता है. जाकर माँगना पड़ता है."

दीड वर्ष जे मला ऋताला सांगता आलं नाही, मंगलताईंना सांगता आलं नाही, ते या बाईंनी दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. शेजारची मुलगी भराभर लिहून घेत होती. मी काही लिहिलं नाही, मला ते पाठच झालं.

प्रश्नांची वेळ आली आणि माझा हात वर जाईना. शेवटी शेजारणीनेच तो कोपरातून वर ढकलला आणि माइक माझ्याकडे आला. प्रवासभर घोकलेली हिंदी आयत्या वेळी दगा देऊन गेली. कसंबसं म्हणालो, "मैडम, आपका काम सबसे पहले कौन देखता है?"

"जो भी मिल जाए," त्या म्हणाल्या. "लिफ़्टवाला, पड़ोसन, ट्रेन में बैठा कोई. बस मैं कुछ बताती नहीं. चीज़ हाथ में दे देती हूँ और पूछती हूँ, क्या दिखा? अच्छा है कि बुरा, ये नहीं पूछती. मुश्किल क्या है, मालूम? चुप रहना." मुलं हसली. मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "और आपका कौन देखता है?"

मी म्हणालो, "मेरी पत्नी."

खोटं बोलायचं मनात नव्हतं. दुसरं कुठलंच उत्तर माझ्याकडे नव्हतं. सभागृहात टाळ्या वाजल्या. बाईही हसल्या, अगदी मनापासून. "फिर तो आप क़िस्मतवाले हैं. घर जाकर उन्हें मेरा नमस्ते कहिएगा."

"जी," मी म्हणालो आणि बसलो. पुढचे प्रश्न काय आले, कोणी काय उत्तर दिलं, मला आठवत नाही. मुलगी निघताना म्हणाली, "अंकल, एकदम मस्त सवाल होता. आंटी को भी लेके आते ना." मी मान हलवली. बाहेर फूलबागेच्या कठड्याला टेकून बराच वेळ उभा राहिलो. भोवती माणसं घोळक्याने उभी राहून भाषणाबद्दल बोलत होती. एवढं चांगलं काही ऐकल्यावर माणसाला बरोबर कोणी तरी हवं असतं. मला सुमनची इतकी आठवण आली की गर्दी ओसरेपर्यंत तिथून हलताच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर गेलो. ग्वाल्हेरला किल्ला चुकवता येत नाही, कुठल्याही गल्लीच्या टोकाला तो वर उभाच असतो. चढावर कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती लागतात. वर राजवाड्याच्या भिंतीवर निळ्या फरश्या आणि त्यांच्यावर पिवळ्या बदकांची रांग. किती जुनी, तरी रंग ताजे. मी मागे मागे सरत गेलो, अगदी रस्त्याच्या कडेपर्यंत. तिथूनही बदक बदकच दिसत होतं. एका जोडप्याने मला त्यांचा फोटो काढायला सांगितला, मी काढला. मग तो माणूस म्हणाला, "लाइए, आपका भी खींच दूँ." मी नको म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं नाही याचं मला जरा वाईटच वाटलं.

उतरताना बाजारात गजक (तीळ आणि गूळ कुटून केलेली खुसखुशीत वडी) घेतली, नेहमीच्या सवयीने भरपूर. घरी ती खाणार कोण हा विचार पुडा बांधून झाल्यावर आला.

कदमांकडे परतलो तर दारात बायकांच्या चपला. संक्रांतीनंतरचा शुक्रवार होता आणि वहिनींकडे हळदीकुंकू होतं. साहेबांना आणि मला बाहेरच्या खोलीत बसवण्यात आलं. "आज आपलं काही चालणार नाही," साहेब हळूच म्हणाले, "चुपचाप बसा, लाडू मिळेल." आतून बांगड्यांचे, हसण्याचे आवाज येत होते, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. वहिनींचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "थांबा थांबा, आज साधं कुंकू नाही. आज तुम्हा सगळ्यांना कोल्हापूरच्या अंबाबाईचं कुंकू लावणार. आमचे भाऊजी खास तिकडून घेऊन आलेत. कालपासून देवापुढे ठेवलंय मी."

मी उठलो, पण बायकांच्या हळदीकुंकवात घुसणार कसा? साहेब माझ्याकडे बघत राहिले. आत कात्रीचा आवाज आला. मग कुणी तरी शिंकलं, पाठोपाठ दुसरं कुणी, आणि त्या घरभर कांदा-लसूण मसाल्याचा तो सणसणीत वास पसरला, जो कोल्हापूरच्या माणसाला झोपेतही ओळखू येतो. देवघरातून येत होता.

एक बाई म्हणाली, "भाभी, ये कुमकुम है कि तड़का?" आणि सगळ्या खो खो हसू लागल्या.

वहिनी डबी हातात घेऊन बाहेर आल्या. त्या हसत नव्हत्या. "भाऊजी, हे काय आहे?"

माफी तोंडाशी आली होती, खुलासाही. तो कांदा आहे, ती लसूण आहे, नाव तळाशी लिहिलंय, असं सगळं. पण आदल्या दिवशीचं ते "चुप रहना" कानात होतं. मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय दिसलं होतं?"

"मला काय दिसणार? कोल्हापूरहून माणूस आला, हातात लाल डबी. तिच्यावर खाली पणती, वर ज्योत. मला कुंकूच वाटलं. अजून काय वाटणार?"

"तो कांदा आहे. खाली लसूण."

त्यांनी डबी हात लांब करून धरली, डोळे बारीक केले, मग साहेबांच्या हातात दिली. "कुठून कांदा? तुम्हीच सांगा, कुठून कांदा वाटतो हा?" साहेबांनी ती उजेडात नेली, उलटी केली, सुलटी केली. "मला तर मशाल लागली," ते म्हणाले. "पण तू म्हणतेस तर ज्योत पण असू शकते. कांदा नाही."

"मसाला तर बढिया दिसतो," वहिनी मला म्हणाल्या, "वासावरूनच समजतं. पण डबी एकदम बेकार झालीय, भाऊजी. कोणी केली?"

"मी," असं म्हणालो आणि मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस परक्या घरात, हळदीकुंकवाच्या बायका दारातून बघत असताना हुंदके देतो आहे, हे फार चमत्कारिक दिसलं असणार. वहिनी घाबरल्या. "अहो, माझ्या तोंडाला लगाम नाही, साहेब कायम बोलतात. तुम्ही मनावर नका घेऊ." मी मान हलवत राहिलो. दीड वर्ष मी ज्याची वाट बघत होतो ते हेच होतं, हे त्यांना कसं सांगणार?

बायका गेल्यावर ते सांगितलं. सुमनबद्दल, फ्रिजच्या दाराबद्दल, उंबऱ्याबद्दल. सभागृहात मी काय उत्तर दिलं आणि लोकांनी टाळ्या कशा वाजवल्या, तेही. देवघर पुसून वहिनींनी पुन्हा उदबत्ती लावली होती, तरी वास होताच. साहेबांनी हीटर माझ्या बाजूला सरकवला. वहिनी म्हणाल्या, "मग तो नमस्ते राहूनच गेला की. त्या मॅडमनी दिलेला. पोहोचवा तो घरी जाऊन. कुणाचा नमस्ते असा ठेवून घेऊ नये."

मग त्या आपलं बोलल्या. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, कोल्हापूरला देवीची ओटी भरायला नेईन. सासूबाई गेल्या, साहेबांच्या बदल्या झाल्या, मुलं मोठी झाली, आता गुडघे. "माझ्याने आता प्रवास नाही होत. काल तुम्ही डबी दिली ना, तेव्हा वाटलं, चला, मी नाही जाऊ शकले तर देवीनेच पाठवलं." मी मान खाली घातली. रात्रीच्या जेवणात त्याच मसाल्याची आमटी होती. साहेबांनी दोनदा मागून घेतली आणि वहिनींनी तिसऱ्यांदा दिली नाही.

सकाळी निघताना साहेब पडावपर्यंत सोडायला आले. धुकं पहिल्या दिवशीइतकंच दाट होतं, पण या वेळी माझ्या अंगावर साहेबांची जुनी शाल होती. परत पाठवीन म्हटलं तर म्हणाले, "परत काय करायची? तिकडे थंडी नाही तर ओढून झोपायला घ्या." गाडीत समोर एक कुटुंब होतं, मोकळं, गप्पिष्ट. मी गजकेचा पुडा त्यांच्यासमोर उघडला. बोलत बोलत भोपाळ आलं.

घराचं कुलूप काढलं तेव्हा दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ होती. दिवा लावला. दार बंद असलेल्या घराला जसा वास येतो तसा येत होता. बॅग खाली ठेवून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेलो आणि म्हणालो, "सुमन, इराबाईंनी नमस्कार सांगितलाय." ओट्यावर उलटी घातलेली भांडी होती, नळ ठिबकत होता. उत्तर येणार नव्हतं आणि आलं नाही. तरी निरोप पोहोचवून मला हलकं वाटलं, आणि मग खूप एकटंही वाटलं. नळ घट्ट करून मी कामाला बसलो.

मंगलताईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "खरं सांगू? मलाही पहिल्यांदा समई वाटली होती. पण म्हटलं, तुमचं मन कशाला मोडायचं." मी त्यांना हात जोडले. कुंकवाचा रंग काढून टाकला, सोनेरी रेषा काढून टाकल्या. मातकट पांढऱ्या डबीवर अख्खा कांदा, मुळांसकट, सालासकट, शेजारी लसणाचा गड्डा. कारागिरी अशी काही उरली नाही. दुसऱ्या दिवशी अंबाबाईच्या देवळाबाहेरच्या दुकानात गेलो. सुमन गेल्यापासून त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. दुकानदाराने कुंकू पुडीत बांधताना नेहमीसारखं विचारलं, "वहिनी नाही आल्या?" ती गेली, हे मी या वेळी नीट सांगितलं. त्याने पुडी पुन्हा उघडली आणि थोडं कुंकू वरून जास्त घातलं.

देवीपुढे ठेवून आणलेलं ते कुंकू मी एका साध्या, कोऱ्या डबीत भरलं, मसाला नव्या डबीत. दोन्ही डब्या एकाच खोक्यात घालून ग्वाल्हेरला पाठवल्या. बरोबर चिठ्ठी टाकली नाही, फोनही केला नाही. गप्प राहणं खरंच अवघड असतं. छापखान्यातून विचारणा झाली तेव्हा म्हटलं, अजून थांबा.

एका दुपारी फोन वाजला. "भाऊजी, मी कदमवहिनी," पलीकडून आवाज आला. "तुमचं खोकं मिळालं. चष्मा नव्हता, तरी दोन्ही ठेवून दिलं. एक ठेवलंय देवघरात आणि एक गॅसपाशी, मिठाच्या बाजूला." मागून साहेब काही तरी म्हणत होते, त्यांना त्यांनी गप्प केलं. "आता तुम्हीच सांगा, बरोबर ठेवलंय ना?"

मी उंबऱ्यात उभा होतो. फ्रिजच्या दारावर कांदा होता.

"बरोबर ठेवलंय, वहिनी," मी म्हणालो, आणि फोन ठेवून छापखान्यात निघालो.